साडेतीन वर्षांचं मूल, नर्सरीची वही आणि घरी नेमकं काय करायचं?

अबोली_नाशिक

नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज धागा काढायची वेळ आली.

मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, जूनपासून घराजवळच्या नर्सरीत जातो. परवा पालकसभेला बाईंनी त्याची वही माझ्यापुढे सरकवली. 'स्टँडिंग लाइन', 'स्लीपिंग लाइन', 'स्लँटिंग लाइन' अशी तीन पानं, आणि आमच्या चिरंजीवांनी तिन्हींवर गोळेच गोळे काढलेले. "पेन्सिल मुठीत धरतो, एका जागी बसत नाही, घरी रोज एक पान गिरवून घ्या," असं सांगण्यात आलं. घरी बसवलं की पाच मिनिटांत पेन्सिल सोफ्याखाली आणि हा गॅलरीत.

सासूबाई म्हणतात, आमच्या पोरांनी पहिलीत गेल्यावरच पाटी हातात घेतली, काय बिघडलं त्यांचं? नवऱ्याला अंबडला कंपनीत पाळ्या असतात. मी साडेसहाला घरी येते आणि मग नऊपर्यंत स्वयंपाक, जेवणं, आवराआवर. त्यातच काय तो वेळ. महागडं 'ॲक्टिव्हिटी किट' आणायची इच्छा नाही. यूट्यूबवरच्या आयांना तांदूळ सात रंगांत रंगवून वाळवायला वेळ कुठून मिळतो, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

तर, गिरवून घेणं सोडून या वयात घरी खरंच काय करावं? आणि बाईंना काय सांगावं?

चकलीचा_सोऱ्या

वाचनखूण साठवली. आमच्याकडे हेच, फक्त वही आकड्यांची.

मनगट

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मुलांना हातांची रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करते. 'हस्ताक्षर खराब' म्हणून माझ्याकडे जी मुलं येतात, त्यातल्या निम्म्यांना खरं तर लिहायला लवकर बसवलेलं असतं, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

रेघा आणि आकार बघून काढणं मुलांना साधारण एका ठरावीक क्रमाने जमतं. उभी रेघ दोन वर्षांच्या आसपास, आडवी त्यानंतर थोड्या महिन्यांनी, गोल तीनला, अधिकचं चिन्ह चारला, चौकोन साडेचार-पाचला, त्रिकोण पाचच्या पुढे. तिरकी रेघ दिसते सोपी, पण ती साडेचारच्या आगेमागेच नीट येते, कारण हात एकाच वेळी खालीही न्यायचा असतो आणि बाजूलाही. म्हणजे अबोली, तुमचा मुलगा गोळे काढतोय ते त्याच्या वयाला शोभेल असंच. 'स्लँटिंग लाइन' हे पान त्याच्यापुढे वर्षभर आधी आलंय. पेन्सिल मुठीत धरणंही या वयात बरंच दिसतं, चार-साडेचारपर्यंत बोटं आपोआप पुढे यायला लागतात. पाच झाल्यावरही मूठ सुटली नाही तर दाखवा.

बोटांच्या आधी खांदा आणि मनगट तयार व्हावं लागतं. त्यासाठी झाडावर चढणं, लोंबकळणं, रांगत घोडा-घोडा खेळणं, पाण्याची अर्धी बादली उचलणं हे सगळं लेखनाच्याच तयारीत मोडतं. जिने चढू द्या, रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच सोडा.

आता तुमचा साडेसहा ते नऊ. पोळ्या कराल तेव्हा त्याला कणकेचा गोळा द्या, पण नुसता खेळायला नको, काम म्हणून द्या. आधी दोन्ही तळव्यांत गोल करायचा, मग पाटावर ठेवून तळव्याने दाबायचा, मग बोटांच्या टोकांनी कडेकडेने पातळ करायचा. तळवा, बोटं, बोटांची टोकं, तिन्ही येतात. मटार सोलणं तर उत्तमच. शेंगेचं टोक दोन बोटांत धरून शीर ओढायची, अंगठ्याने फट पाडायची आणि मग एकेक दाणा अंगठ्याने ढकलायचा. त्या अंगठ्याकडे नीट बघा. पुढे पेन्सिल तोच सांभाळणार आहे. कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणं-काढणं, ओलं फडकं पिळणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, झाडांना फवाऱ्याने पाणी मारणं, हेही तसंच.

सासूबाई रांगोळी काढत असतील तर पोराला त्यांच्याशेजारी बसवा. चिमटीतून रांगोळी सोडताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासतात, बाकीची तीन बोटं मिटलेली राहतात, मनगट जमिनीला टेकत नाही. आमच्या क्लिनिकमध्ये यासाठी पैसे मोजून आणलेली साधनं आहेत. त्याची रांगोळी म्हणजे सुरुवातीला ढीग पडेल, पडू दे.

खडू द्यायचा तर तुकडा द्या, अख्खा देऊ नका. इंचभराचा तुकडा मुठीत धरून काढताच येत नाही, तो बोटांतच धरावा लागतो. आणि उभ्या पृष्ठभागावर काढू द्या, भिंतीवर लावलेला फळा किंवा दाराच्या मागे चिकटवलेला कागद. उभं काढताना मनगट आपोआप मागे वळतं आणि पकड सुधारते.

रोखठोक

मनगट ताई, सगळं पटलं, पण व्यवहाराचं बोला. सिनियर केजीत वाक्यं लिहून घेतात. पहिलीला ही मुलं मटार सोलून जाणार का? शाळा बदलणं म्हणजे फी, बस, डोनेशन सगळं परत. बाईंना चाळीस मुलं असतात, त्यांना तुमच्या मनगटाचं काय पडलंय? मी तरी रोज एक पान करून घेतो. रडतो थोडा, पण करतो.

खडू_फळा

@रोखठोक, मी त्या चाळीस मुलांच्या बाईंपैकीच एक. एका खासगी नर्सरीत शिकवते, म्हणून खरं सांगते. वही आम्हाला हवी असते असा तुमचा समज आहे का? वही पालकांना हवी असते. मुलं महिनाभर मातीत, पाण्यात, गोष्टीत रमली आणि वहीचं एक पान कोरं राहिलं की संध्याकाळी ग्रुपवर मेसेज येतो, "मॅडम, फी कशाची घेता?" मग संचालक आम्हाला बोलावतात आणि दुसऱ्या दिवसापासून स्टँडिंग लाइन.

'राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०' मध्ये तीन ते आठ हा सलग एक पायाभूत टप्पा धरलाय. त्यावर आधारित पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा २०२२ मध्ये आला, त्यात तर तीन ते सहा वयासाठी पाठ्यपुस्तक नकोच असं म्हटलंय. कागदावर आहे सगळं. शाळेला बदलायला लावतील ते पालकच, म्हणून ही माहिती इथे टाकली.

अबोली, बाईंशी भांडू नका. एवढंच म्हणा, "घरी आम्ही हाताचे व्यायाम घेतोय, तिरक्या रेघांचं पान सध्या राहू दे, त्याऐवजी त्याला गोळ्यांचं द्या." मला असं कोणी सांगितलं तर मी तर सुटकेचा निःश्वास टाकीन. आणि राज्यात पहिलीला ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. तुमच्या मुलाला पहिलीला अजून अडीच-पावणेतीन वर्षं आहेत. एवढ्या वर्षांत त्याचा हात तयार होईल आणि मग रेघा आठवड्यात येतील.

रोखठोक

पालकांच्या नावाने बिल फाडणं सोपं आहे. पण ग्रुपवरचे मेसेज मीही वाचतो, त्यामुळे तेवढं मान्य.

जाई_जुई_आज्जी

मी बालवाडी चालवली, आता निवृत्त. कोसबाडला शिबिराला गेले होते, त्यावरून आठवलं ते लिहिते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. माँटेसरीची साधनं महाग, मग शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या यांतूनच साधनं केली. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. महागड्या किटवाल्यांना हे कुणीतरी वाचून दाखवा.

हातांविषयी मनगटने लिहिलंच आहे. मी तोंडाविषयी लिहिते. लहान मुलांशी आपण बोलतो कमी आणि परीक्षा जास्त घेतो. "हा कुठला रंग? हे किती? काऊ कसा ओरडतो? पाहुण्यांना पोएम म्हणून दाखव." मूल कंटाळतं. त्याऐवजी तुम्ही जे करताय ते मोठ्याने बोलत करा. भाजी बाजारात माझी नात बरोबर असते तेव्हा आमचं असं चालतं:

"ही मेथी बघ. पानं बारीक आहेत. कालची मोठी होती ना?"
"कालची कलू होती."
"मेथी कडूच असते गं, आपण गूळ घालतो मग. ही जुडी मातीने भरलीय, धुवावी लागणार."
"मी धुनाल."
"तू धू. आधी मुळं तोडू या का आधी धुऊ या?"

शेवटच्या प्रश्नाला बरोबर उत्तर एकच नाही, म्हणून ती विचार करते. 'कलू'ला मी 'कलू नाही, कडू म्हण' असं म्हटलं नाही, नुसतं माझ्या वाक्यात 'कडू' परत आणलं. घरी धुताना तिने स्वतःच म्हटलं, "आधी धुतली तल माती मुलांवलच लाहते." तीन वर्षांची आहे. यात शब्द आला, क्रम आला, कारण आलं, आणि मेथी निवडून झाली हे वेगळंच.

आणखी एक. तुमची बोली असेल ती बोला. घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी जे असेल ते भरभरून बोला. मोडक्या इंग्रजीत "बेटा, ईट फास्ट" करण्यापेक्षा ते शंभरपट बरं. इंग्रजी शाळा बघून घेईल. घरातल्या भाषेत विचार करायची सवय लागली की ती कुठल्याही माध्यमात उपयोगी पडते.

तिसरी_पाळी

आज्जी, "माती मुळांवरच राहते"ला साष्टांग.

अबोली, तुमच्या मिस्टरांसाठी एका पाळीवाल्या बापाचा उपाय. मला मुलीबरोबर मिळते ती फक्त झोपायच्या आधीची वेळ, तीही पाळी सकाळची असली तर. त्यात गोष्ट. चित्रांचं एखादं पुस्तक महिना महिना तेच. मोठ्या माणसाला वीट येतो, पोरांना येत नाही. त्यांना पुढे काय येणार हे माहीत असण्यातच मजा असते. मी मुद्दाम एखादा शब्द बदलतो, हत्तीच्या जागी उंदीर. "नाऽऽही बाबा!" अशी आरोळी येते आणि मग अख्खं वाक्य ती म्हणून दाखवते. वाचताना बोट शब्दांखालून फिरवायचं, बाकी अक्षर शिकवायच्या भानगडीत पडायचं नाही.

पुस्तकं विकत घ्यायची ऐपत नसेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा, मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत, छापून घेता येतात. पाळी रात्रीची असली की मी गोष्ट फोनवर रेकॉर्ड करून ठेवतो आणि आई पुस्तक उघडून तिच्यासमोर धरते.

अवांतर: गाडीवर पुढे उभं करून नेताना दुकानांच्या पाट्या वाचायचा खेळ आम्ही करत होतो, हेल्मेटमुळे काही ऐकू येत नाही म्हणून बंद केला. आता बसस्टॉपवर करतो.

चकलीचा_सोऱ्या

फोनचा विषय निघालाच आहे तर: कार्टून लावल्याशिवाय घास जात नाही. वय अडीच वर्षं. काय करावं?

मनगट

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नाही, दोन ते चार वयात दिवसाला एक तासाच्या वर नाही आणि कमी असेल तेवढं चांगलं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही दोनच्या आत नकोच असं म्हणणं आहे, आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. जेवताना तर अजिबात नको, कारण पोट भरल्याचं मुलाला कळत नाही आणि तोंडात काय आहे तेही कळत नाही. एकदम बंद करा, हळूहळूचा उपयोग होत नाही असा माझा अनुभव. दोन-तीन दिवस कमी जेवेल, भूक लागली की खाईल. वजन आधीच कमी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

सेविका_ताई

मी अंगणवाडी सेविका, तासगाव भागातली. मुलीनं हा धागा दाखवला, तीच टाईप करून देत्येय.

आमच्याकडं 'आकार' म्हणून अभ्यासक्रम हाय, त्यात सगळं खेळातूनच. पण गावातल्या बायका काय म्हणत्यात, तिकडं इंग्लिश मीडियमच्या गाडीत पोरं टाय लावून जात्यात, तुमच्याकडं नुसती खिचडी न् गाणी. मी त्यांना एक दिवस बसवून घेतलं. ज्वारी, हुलगा, मटकी एकत्र केली न् पोरांना वेगळी करायला दिली. एका पोरानं तिन्ही वेगळी केली, वर खडे बाजूला काढून म्हटला, "हे दळणात नको, दात तुटतंय आजीचा." त्याची आई बघतच राहिली.

पोरांना काम खोटं नसावं बगा. खेळण्यातली भांडी दिली की दोन दिवसांत कंटाळत्यात. खरी वाटी, खरा तांब्या, खरं पाणी द्या. सांडलं तर फडकं पण त्यांच्याच हातात द्यायचं.

न् एक सांगते. बाळ झालं तवा माता-बाल संरक्षण कार्ड मिळालंय ना, ते लसी झाल्या की कपाटात टाकू नका. त्यात कुठल्या महिन्याला बाळानं काय करायला पाहिजे त्याची चित्रं हायत. बघून जुळवून घ्या. शहरातल्या शिकलेल्या बायका ते उघडतच न्हाईत.

श्रीखंडाची_गोळी

सेविका ताई, कडक! तुमच्या मुलीलाही धन्यवाद.

पोस्ट आवडली, पण एक धोक्याची सूचना. मी बालरोग विभागात परिचारिका आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना धान्य, चिंचोके, सागरगोटे, मणी, गुंजा यांचं काम एकट्याने देऊ नका. वाटाणा नाकात, हरभरा कानात, हे आमच्याकडे नेहमीचं. धान्य ओलसर जागेत फुगतं, म्हणून घरी चिमट्याने उकरायच्या फंदात पडू नका, आणखी आत जातं. सरळ कान-नाक-घसा डॉक्टरकडे. शेंगदाणे अख्खे चार-पाच वर्षांपर्यंत देऊच नयेत, कूट द्या. आणि रिमोटमधले, खेळण्यातले बटणासारखे सेल गिळले गेले तर एक मिनिटही थांबायचं नाही, अन्ननलिका भाजते. धान्य निवडायला द्यायचंच असेल तर मोठं माणूस शेजारी बसलेलं असू दे.

पाढे_पंचावन्न

कुणी आकड्यांबद्दल बोलेल म्हणून वाट बघत होतो. चकलीचा_सोऱ्या, तुमच्या आकड्यांच्या वहीविषयी.

शेजारच्या घरी चार वर्षांची मुलगी पन्नासपर्यंत घडाघडा म्हणते. तिला म्हटलं, "पाच चमचे आण." मूठभर घेऊन आली. म्हणणं आणि मोजणं यांत फरक आहे. एका वस्तूला एकच आकडा आणि शेवटचा आकडा म्हणजेच 'एकूण', या दोन गोष्टी कळल्याशिवाय आकडे म्हणजे गाणंच. त्या शिकायला जेवणाची ताटं पुरतात. "आज किती जण जेवणार? आत्या येणार आहे." मूल ताट मांडतं, कमी पडलं की उठून आणायला जातं. वाट्या किती, प्रत्येकाला लिंबाची फोड किती, अर्धी पोळी कोणाला. जिना मोजणं चांगलं, पण पाय आणि आकडा बरोबर पडले पाहिजेत, एका पायरीला दोन आकडे नकोत.

पत्ते आणि सापशिडी चारच्या पुढे. फाशावरचे टिंब बघता क्षणी 'चार' ओळखू यायला लागले की अर्धं गणित झालं. दहापर्यंत पक्कं होईपर्यंत पुढे जाऊ नका. मराठीत वीसच्या पुढचे आकडे तसेही वेडेवाकडे आहेत, २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना. तिथे मोठीच अडखळतात, चार वर्षांच्या पोराला 'एकोणपन्नास' कशाला?

राईनकाठ

जर्मनीहून. इथल्या बालवाडीत, म्हणजे कीटामध्ये, अक्षरं शिकवतच नाहीत. शाळा सहाव्या वर्षी. मुलगी चार वर्षांची झाली तरी नाव लिहिता येईना म्हणून मी बाईंकडे गेलो, तर त्यांनी मला ती खऱ्या सुरीने काकडी कशी कापते ते दाखवलं. पाऊस असो की बर्फ, रबरी बूट घालून रोज बाहेर. शाळेच्या पहिल्या दिवशी खाऊ भरलेला कागदी शंकू हातात देतात, त्या आधी अभ्यासाचं नावही नाही. सगळंच आदर्श आहे असं नाही, कीटामध्ये जागा मिळवायला नाकी नऊ येतात.

दुसरं म्हणजे मराठी. आम्हाला भीती होती की दोन भाषांत मूल गोंधळेल. डॉक्टरांनीच सांगितलं, घरी तुमची भाषा बोला, जर्मन आम्ही शिकवू. मुलगी एका वाक्यात दोन्ही मिसळते, ते चालतं. आमचा घरचा खेळ म्हणजे शब्दांच्या भेंड्या. 'कमळ'चं शेवटचं 'ळ' आलं की सगळे अडकतात आणि ती हसून लोळते. लिहिता न येणाऱ्या मुलाला शब्द फोडून शेवटचा आवाज काढायला लावणारा याहून चांगला खेळ मला माहीत नाही. वाचन यातूनच सुरू होतं.

सेविका ताईंचं कार्ड वाचून आठवलं. इथेही जन्माच्या वेळी एक पिवळी वही देतात, ठरावीक वयाला तपासण्या होतात आणि त्यात नोंद होते. आणि ती कपाटात जात नाही, कारण कीटाला प्रवेश घेताना बघतात.

नवी_आई_२

विषयाला धरून आहे का माहीत नाही. माझी मुलगी सव्वीस महिन्यांची आहे. 'आई', 'बाबा', 'पापा' आणि 'दे' एवढंच बोलते. दोन शब्द जोडत नाही. समजतं सगळं. सासरे म्हणतात, तिचे बाबाही उशिरा बोलले, आमच्याकडे वळणच आहे. इथले सगळे 'दबाव नको' म्हणताय, म्हणून वाट बघावी का?

मनगट

नको, वाट बघू नका. तिरकी रेघ उशिरा येणं वेगळं आणि बोलणं उशिरा येणं वेगळं. दोन वर्षांच्या आसपास दोन शब्दांची जोडी यायला हवी, 'बाबा ये', 'दूध दे' अशी. आधी कान तपासा. 'समजतं सगळं' असं वाटतं, कारण मुलं आपला हात, नजर, चेहरा बघूनही अर्थ लावतात. पाठमोरी असताना, हातवारे न करता, हळू आवाजात सांगून बघा.

बेरा नावाची कानांची तपासणी असते, झोपेत करतात, दुखत नाही. त्याबरोबरच बघा: हाक मारली की वळते का? हवं ते बोटाने दाखवते का? तुमच्याकडे बघून काही दाखवायला आणते का? यातलं काही नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर याच आठवड्यात दाखवा. असेल तरी दाखवा, फक्त घाबरून नको. स्पीच थेरपी लवकर सुरू केली की फायदा जास्त.

श्रीखंडाची_गोळी

सरकारी सोय शोधत असाल तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली. पैसे लागत नाहीत. त्याच कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, अंगणवाडीत नाव नसेल तरी सेविकेला विचारा. मुंबईकडे असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था श्रवण आणि वाचा यासाठीच आहे. जाताना जन्माच्या वेळची कागदपत्रं न्या, कावीळ झाली होती का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, हे पहिल्यांदा विचारतात.

नवी_आई_२

पेटीत होती, चार दिवस. उद्याच फोन करते.

अबोली_नाशिक

सगळ्यांचे आभार, इतक्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. नवी_आई, काय झालं ते इथे नक्की लिहा.

बाईंशी बोलले. खडू_फळा म्हणाल्या तसं गोळ्यांचं पान मागितलं. बाई जरा गोंधळल्या, मग म्हणाल्या, "चालेल, पण मोठ्या मॅडमना सांगू नका." आता संध्याकाळी हा ओट्याशेजारी स्टुलावर उभा असतो, मटार सोलतो, निम्मे खातो. सासूबाईंनी पाटीवर पांढऱ्या रांगोळीचा कार्यक्रम हाती घेतलाय आणि त्यांचं म्हणणं, हे त्या पहिल्यापासूनच सांगत होत्या.

एक शंका. मनगट ताई, उभ्या पृष्ठभागासाठी बेडरूमची भिंत द्यायला मी तयार आहे, पण तिला ऑइल पेंट आहे, खडू उमटत नाही. घरमालकांना न दुखावता काय करता येईल?

पाढे_पंचावन्न

हार्डवेअरच्या दुकानात ब्लॅकबोर्ड पेंटचा छोटा डबा मिळतो. जुन्या प्लायवर दोन हात मारा, वाळल्यावर दाराच्या मागे टांगा. घर सोडताना काढून न्यायचा. प्लायच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर कुसळ जातं.

रोखठोक

प्लाय माझ्याकडे पडून आहे, नाशिकरोडला. हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा.